कळते, पण वळत नाही : हवामानबदल आणि आपले मन

(विहाराच्या वर्धापनदिनी उपासक-उपासिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



 

वर्धापनदिनाला कोणत्या विषयावर बोलणार, असे समितीने विचारले तेव्हा आम्ही ‘हवामानबदल’ असे सांगितले. त्यावर आपले एक ज्येष्ठ उपासक हसले. म्हणाले, ‘‘सर, विहारात धम्मावर बोला. हवामानाचं काय, ते टीव्हीवर रोज सांगतात.’’ आम्ही त्यांना एवढेच विचारले, ‘‘काका, २६ जुलैला तुम्ही कुठे होता?’’ काकांचे हसू थांबले. २००५ सालच्या त्या रात्री ते दोन नातवंडांना घेऊन पोटमाळ्यावर बसून होते. खाली घरात छातीइतके पाणी होते. सकाळी पाणी ओसरले तेव्हा धान्य, अंथरूण, मुलांची दप्तरे, सगळ्याचा चिखल झालेला होता. बाबासाहेबांचे ग्रंथ तेवढे फळीवर होते म्हणून वाचले.

तर हा विषय विहाराबाहेरचा नाही. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्या कारणाचा निरोध करता येतो आणि त्याचा मार्ग आहे, हे तथागतांनी सांगितले. आम्ही आज याच क्रमाने बोलणार आहोत.

दुःख आहे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईचे नाव झाले, पण आपल्या कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याने काय भोगले ते आपल्याला माहीत आहे. उल्हास नदी पात्र सोडून बाहेर आली. वालधुनी, जिला आपण नाला म्हणूनच ओळखतो, ती मुळात नदी आहे याची आठवण तिने त्या दिवशी करून दिली. खाडीला भरती असली की पावसाचे पाणी बाहेर जायला वाट नसते, आणि जी वाट असते ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेली असते.

त्यानंतर २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर बुडाले. ज्या महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला, त्याच महाडच्या रस्त्यांवर पाणी मावेना. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात मोकळ्या मैदानावर मोठा सोहळा झाला. त्यात उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. आपली १४ एप्रिलची मिरवणूक याच दिवसांत, याच उन्हात निघते, हे आपण ध्यानात घ्या.

आता कोणी म्हणेल, पूर पूर्वीही येत होते, ऊन पूर्वीही पडत होते. खरे आहे. एखादा पूर किंवा एखादी उन्हाची लाट एकट्या हवामानबदलामुळे आली असे कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. पण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो पृथ्वीची उष्णता अडवतो. १९५८ साली हवेत दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. पृथ्वी तापली की हवा अधिक बाष्प धरते. तापमान १ अंश वाढले की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प. ते बाष्प जेव्हा खाली येते तेव्हा संततधार न होता एकदम कोसळते. पूर्वी जो पूर आजोबांनी आयुष्यात एकदा पाहिला, तो नातवाला अधिक वेळा पाहावा लागणार आहे, एवढा त्याचा अर्थ.

मग आपण हलत का नाही?

हे सर्व तुम्हाला थोडेफार ठाऊक आहेच. शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मग आपण काही करत का नाही? आपल्या मराठीत यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे: कळते, पण वळत नाही. आम्ही आज या ‘वळत नाही’ वरच मुख्यतः बोलणार आहोत. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी यावर बरेच प्रयोग केले आहेत, आणि ते आपल्या वस्तीला तंतोतंत लागू पडतात.

अमेरिकेत लॅटाने आणि डार्ली या दोन अभ्यासकांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत अर्ज भरायला बसवले आणि भिंतीच्या झरोक्यातून हळूहळू धूर आत सोडला. खोलीत विद्यार्थी एकटा असला तर १०० पैकी ७५ जण उठून बाहेर सांगायला गेले. पण सोबत दोन माणसे मुद्दाम बसवली, ज्यांना आधीच सांगून ठेवले होते की धुराकडे बघून न बघितल्यासारखे करा, तर १०० पैकी फक्त १० जण उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत, अर्ज भरत बसले. त्यांना धूर दिसत नव्हता का? दिसत होता. पण शेजारचा शांत आहे, त्या अर्थी काही विशेष नसेल, असे त्यांनी मनाशी ठरवले.

मित्रहो, हा प्रयोग वाचला तेव्हा आम्हाला आधारवाडी आठवली. कल्याणच्या त्या कचऱ्याच्या डोंगराला उन्हाळ्यात आगी लागत आणि धूर घराघरांत शिरे. लोक काय करत? खिडक्या लावून घेत. ‘‘सगळेच राहतात ना इथं, आपणच काय बोलायचं?’’ शेजारी हेच म्हणत होता, त्याचा शेजारीही हेच म्हणत होता. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गप्प बसण्याकडे बघून गप्प बसला.

हे केवळ कल्याणचे नाही. २०२४ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांना विचारले, की हवामान वाचवण्यासाठी दर महिन्याच्या उत्पन्नातला १ टक्का द्याल का? १०० पैकी ६९ जण हो म्हणाले. मग विचारले, तुमच्या देशातले किती लोक हो म्हणतील असे वाटते? लोकांचा अंदाज निघाला १०० पैकी ४३. म्हणजे माणसे तयार आहेत, पण दुसरा तयार नाही असे समजून थांबलेली आहेत. सारे जग त्या धुराच्या खोलीत बसले आहे म्हणा ना.

यावर उपाय काय? कोणीतरी पहिल्याने उठणे आणि ते इतरांना दिसेल असे उठणे. घरात गुपचूप केलेले चांगले काम चांगलेच, पण ते शेजाऱ्याला दिसले तर त्याचे दुसऱ्या घरात बी पडते.

भीती दाखवून काय होते?

आमच्यासारखे बोलणारे लोक बहुधा भीती दाखवतात. मुंबई बुडणार, ठाणे बुडणार, पन्नास वर्षांनी काही उरणार नाही. ऐकणारा घाबरतो, घरी जातो, जेवतो आणि झोपतो. सकाळी पावणेसातची लोकल पकडायची असते.

१९६५ साली येल विद्यापीठात लेव्हेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या लसीबाबत प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना भयंकर वर्णनाची, फोटो असलेली पत्रके दिली, काहींना सौम्य पत्रके दिली. भयंकर पत्रके वाचणाऱ्यांनी लस घ्यायचीच असे जास्त जोराने सांगितले. पण प्रत्यक्षात कोण गेले? फक्त पत्रक वाचलेल्यांपैकी १०० मागे ३ जण. काहींना मात्र पत्रकासोबत दवाखान्यावर खूण केलेला नकाशा दिला आणि आठवड्याच्या वेळापत्रकात जायची वेळ बघून ठेवा असे सांगितले. त्यांच्यातले १०० मागे २८ जण गेले. भीती कमी होती की जास्त, याने फरक पडला नाही. कुठे जायचे, कधी जायचे, कोणत्या रस्त्याने जायचे, हे ठरले याने फरक पडला. ज्यांना भीतीचे काहीच न सांगता नुसता नकाशा दिला, तेही गेले नाहीत. म्हणजे दुःखाची जाणीव हवीच, पण सोबत मार्गही हवा. नुसते दुःख सांगून जो थांबतो, तो अर्धाच धम्म सांगतो.

रागावून काय होते?

आता आपल्या विहाराचीच एक गोष्ट सांगतो. समितीने रागावू नये, कारण यात आमचाही हात होता.

बुद्धपौर्णिमेला आपण खीरदान करतो. पूर्वी थर्माकोलच्या वाट्या होत्या. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिक-थर्माकोलवर बंदी आणली, मग आपण कागदी कप आणले. त्या कपांनाही आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, हे आपल्याला नंतर कळले. दुसऱ्या दिवशी मागच्या नाल्यात कपांचा खच. आम्ही चिडून फळ्यावर लिहिले : ‘अनेक लोक विहाराच्या आवारात व नाल्यात कप टाकतात. त्यांना लाज वाटली पाहिजे.’ पुढच्या कार्यक्रमाला कप कमी झाले का? उलट वाढले.

आम्हाला याचे नवल वाटले होते. पुढे वाचनात आले, की अमेरिकेतल्या आरिझोना राज्यात एका राष्ट्रीय उद्यानात कोट्यवधी वर्षांपूर्वीची, दगड झालेली झाडे आहेत, आणि येणारे लोक त्यांचे तुकडे चोरतात. चाल्डिनी नावाच्या अभ्यासकाने तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. ‘पुष्कळ लोकांनी तुकडे नेले, त्यामुळे जंगलाचे नुकसान झाले’ अशा अर्थाची पाटी होती तिथे खुणेच्या तुकड्यांपैकी जवळजवळ ८ टक्के गेले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ अशी साधी विनंती होती तिथे २ टक्केही गेले नाहीत. कारण ‘पुष्कळ लोक नेतात’ हे वाचून माणूस म्हणतो, मग मीच काय मोठा साधू लागून गेलो? आमच्या फळ्यानेही हेच केले. ‘अनेक लोक टाकतात’ असे लिहून टाकण्याची परवानगीच दिली.

कॅलिफोर्नियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घरोघरी चिठ्ठ्या टाकल्या : तुमच्या घरी वीज किती जळते आणि शेजाऱ्यांच्या घरी सरासरी किती. जास्त जाळणाऱ्यांनी कमी केली. पण कमी जाळणारे होते त्यांनी वाढवली! मात्र त्यांच्या चिठ्ठीवर एक हसरा चेहरा काढला, म्हणजे शाबासकी दिली, तेव्हा त्यांनी कमीच ठेवली. आपण काय करतो? चुकणाऱ्याला चारचौघांत बोलतो आणि नीट वागणाऱ्याला काहीच म्हणत नाही. आपल्या वस्तीतल्या दोन आजी कित्येक वर्षांपासून भाजीला कापडी पिशवीच नेतात. त्यांचा सत्कार आपण कधी केला? आज या ठिकाणी त्यांना जयभीम घालतो आणि समितीला विनंती करतो, की पुढच्या कार्यक्रमात दोन पुष्पगुच्छ कमी आणावेत, पण या दोन उपासिकांना स्टेजवर बोलवावे.

भाषणापेक्षा बैठक मोठी

आता आमच्याच पोटावर पाय देणारी गोष्ट सांगतो. भाषणाने फारसे काही होत नाही, हेही प्रयोगाने सिद्ध झाले आहे.

कुर्त लेव्हिन नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. ज्यू असल्यामुळे त्यांना हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडावे लागले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई झाली. गृहिणींनी दिल, गुर्दा असले भाग घरी शिजवावेत असे सरकारला वाटत होते, पण तिकडच्या बायका ते हलके समजून नाक मुरडत. आपल्याकडे वजडीला नाक मुरडणारे आहेत तसेच. लेव्हिन यांनी काही गटांना उत्तम भाषण दिले : पोषण, देशसेवा, पाककृती सगळे. दुसऱ्या गटांत भाषण दिले नाही. बायकांनाच गोल बसवून विचारले, की आपल्यासारख्या बायकांना हे करायला काय अडचण आहे? त्या बोलू लागल्या. नवरा खाणार नाही, वास येतो, पोरं तोंड वाकडं करतात. मग त्यांनीच एकमेकींना उपाय सांगितले. शेवटी विचारले, या आठवड्यात कोण करून बघणार? हात वर करा. नंतर चौकशी केली तेव्हा भाषण ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी तो पदार्थ केला होता, आणि बैठकीत हात वर केलेल्या गटांपैकी ३२ टक्के बायकांनी.

हे वाचताना आम्हाला १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस दिसू लागला. बाबासाहेबांनी नागपूरला नुसते भाषण केले असते तर? पण त्यांनी लाखो लोकांना उभे केले आणि बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणायला लावल्या. प्रत्येक प्रतिज्ञा ठळक. अमुक करणार नाही, तमुक करीन. कोणी मनातल्या मनात घेतली नाही. नवऱ्याने बायकोच्या देखत, भावाने भावाच्या देखत, गावाने गावाच्या देखत घेतली. परतल्यावर घरातले जुने देव्हारे निघाले ते एकट्या-दुकट्याच्या घरातून नाही, आळीच्या आळीतून निघाले. त्याआधी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास सांगितले होते. गावोगाव आपल्या पूर्वजांनी बैठका घेऊन ठरवले, की मेलेली ढोरे ओढायची नाहीत. त्यासाठी बहिष्कार सोसला, उपास काढले. पण एकट्याने ठरवले असते तर दुसऱ्या दिवशी मोडले असते. सर्वांनी मिळून ठरवले म्हणून टिकले.

लेव्हिन यांनी जे प्रयोगात मोजले, ते आपल्या आई-वडिलांनी जगून दाखवलेले आहे. एका पिढीत शेकडो वर्षांची सवय मोडणारा समाज आपण आहोत. आपल्याला दोन डबे वेगळे ठेवता येत नाहीत, यावर आमचा विश्वास बसत नाही.

आम्हीच का?

इथे तरुण पोरे एक प्रश्न विचारतात, आणि तो बरोबर आहे. ‘‘सर, आमच्या घरात एक पंखा आणि दोन बल्ब. एसी टॉवरवाल्यांच्या घरात. विमानानं फिरणार ते. आणि सुधारायचं आम्हीच?’’

या प्रश्नाला उडवून लावू नका. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत सुमारे १४ टन. आपल्या देशातही नाल्याकाठचे घर आणि विसाव्या मजल्यावरचे घर यांत असेच अंतर आहे. ज्याने कमी जाळले त्याच्या घरात पाणी आधी शिरते. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे.

पण तथागतांनी मालुंक्यपुत्ताला बाणाचा दृष्टान्त दिला तो आठवा. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण कोणी मारला, तो कोणत्या जातीचा, धनुष्य कशाचे, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. तो मरतो. आम्ही म्हणतो, बाण मारणाऱ्याला जाब विचारायचाच, पण आधी बाण काढायचा. दोन्ही हातांना काम आहे.

आणि आणखी एक गोष्ट. कचरा वेगळा करायचा तो केवळ हवामानासाठी नाही. ओला कचरा सुक्यात मिसळून डोंगरात दाबला गेला, की हवा न मिळाल्याने तो कुजून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा आहे, आणि डम्पिंगच्या आगी भडकतात त्याही याच्यामुळे. हे शास्त्र झाले. पण तो मिसळलेला कचरा पुढे हाताने वेगळा कोण करतो? घंटागाडीवर कोण असते? डम्पिंगवर पाठीला पोते लावून कोण फिरते? बहुतेक आपल्याच समाजातले भाऊ आणि बहिणी. आपल्या घरातली शिळी भाजी, फुटकी काच आणि बाळाचे डायपर एकाच पिशवीत बांधून आपण त्यांच्या हातात देतो. आजोबांनी ढोरे ओढायचे सोडले आणि नातवाने आपली घाण आपल्याच बहिणीच्या हातात दिली, तर आपण काय मिळवले? हा प्रश्न आम्ही तुम्हाला विचारत नाही, स्वतःला विचारतो. कारण परवा-परवापर्यंत आमच्या घरीही एकच डबा होता.

होऊ शकते याला उदाहरण लांब शोधायला नको. कल्याण-डोंबिवलीत घनकचऱ्याच्या प्रश्नावरून २०१५ साली उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या होत्या, इतकी परिस्थिती गेली होती. २०२० साली महापालिकेने शून्य कचरा मोहीम सुरू केली, ओला-सुका वेगळा द्या असा आग्रह धरला, आणि २०२१ साली आधारवाडीवर कचरा टाकणे बंद झाले. सगळे आलबेल झाले असे आम्ही म्हणत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग अजून दिसतात. पण जो डोंगर हलणार नाही असे सगळे म्हणत होते, तिथे गाड्या जायच्या थांबल्या. पहिल्याने लोक कुरकुरले, मग शेजारीण दोन डबे ठेवते हे दिसल्यावर त्यांनीही ठेवले.

मार्ग

आता शेवटचे. आम्ही आज कोणालाही हात वर करायला सांगणार नाही. भाषणाच्या भरात वर केलेला हात घरी जाईपर्यंत खाली येतो. आमची सूचना अशी आहे :

पुढच्या रविवारी वंदनेनंतर सर्वांनी थांबावे. पंधरा-पंधरा जणांचे गट करावेत, शक्यतो गल्लीनुसार. प्रत्येक गटात एकच प्रश्न घ्यावा : ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायला आपल्या घरात नेमकी काय अडचण आहे? दहा बाय बाराच्या खोलीत दुसरा डबा ठेवायचा कुठे? पाणी येण्याची आणि घंटागाडीची वेळ एकच असेल तर? सासूबाई ऐकत नसतील तर? हे सगळे बोलू द्यावे. कोणी कोणाला लाजवू नये. आणि मग गटाने ठरवावे : कोणत्या तारखेपासून, डबा कुठे, गाडीवर कोण नेणार. ते विहाराच्या फळ्यावर लिहावे. ज्या गल्लीने महिनाभर केले तिचे नाव पौर्णिमेला वाचून दाखवावे. ज्या गल्लीला जमले नाही तिचे नाव वाचू नये.

एका वेळी एकच गोष्ट. ती अंगवळणी पडली की दुसरी. खीरदानाला आपापल्या घरची वाटी आणायची, आणि विहाराने स्टीलचे ग्लास घ्यायचे. राजा उदेनाने आनंद स्थविरांना विचारले होते, की एवढी दानात मिळालेली चीवरे तुम्ही काय करणार? आनंदांनी सांगितले, ज्यांची जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्यांचे काय? त्यांची आच्छादने करू. ती जुनी झाली की पायपुसणी, पुसणी फाटली की ती कुटून मातीत मिसळून लिंपण करू. वस्तू एकदा वापरून फेकायची नाही, ही आपल्या संघाची अडीच हजार वर्षांची रीत आहे.

तिसरी गोष्ट १४ एप्रिलची. मिरवणूक ऊन कलल्यावर काढावी, ठरावीक अंतरावर पाणी आणि सावली असावी, म्हातारे आणि गरोदर भगिनी यांची जबाबदारी नावानिशी दोघा-दोघा तरुणांवर द्यावी. बाबासाहेबांच्या जयंतीला एकही माणूस उन्हाने पडता कामा नये.

चौथी गोष्ट हक्काची. नालेसफाईसाठी जूनमध्ये ओरडून उपयोग नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज, खाली दोनशे सह्या, आणि अर्जाची पोच घ्यायची. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचे, जाताना एकटे जायचे नाही. आपला नाला आपण भरणार नाही आणि महापालिकेला तो साफ केल्याशिवाय सोडणार नाही, या दोन गोष्टी एकत्र बोलल्या तरच आपल्या बोलण्याला वजन येते.

ज्यांना जमेल त्यांनी पुढचा पंखा घेताना कमी वॅटचा घ्यावा. जुना ७५ वॅटचा पंखा रोज १५ तास चालतो, त्याच्या जागी ३० वॅटचा घेतला तर महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. पृथ्वीचे भले होईल तेव्हा होईल, लाइट बिल पुढच्याच महिन्यात कमी येईल.

उपासक-उपासिकांनो, याने जग थांबेल का? आपल्या वस्तीच्या दोन डब्यांनी तापमान उतरणार नाही, हे आम्हालाही कळते. पण त्या धुराच्या खोलीत पहिला माणूस उठतो तेव्हा धूर थांबत नाही, फक्त दुसऱ्याला उठायला सोपे जाते. आपली वस्ती उठली तर शेजारची चाळ बघेल. ती उठली तर पलीकडची सोसायटी बघेल. आणि लेखी अर्ज घेऊन जाताना मग दोनशे नाही, दोन हजार सह्या असतील.

ते काका, ज्यांच्यापासून आम्ही सुरुवात केली, ते आज पुढच्याच रांगेत बसले आहेत. काल त्यांनी आम्हाला फोन करून विचारले, ‘‘सर, ओल्या कचऱ्यात अंड्याची टरफलं चालतात का?’’ चालतात, काका. रविवारच्या बैठकीत आपल्या गटाला हे तुम्हीच सांगा.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!